चकती पुसू नये

ईरी, पेनसिल्व्हेनिया. तळ्यावरून आलेल्या बर्फाने
पार्किंगमधल्या सगळ्या गाड्या एका रंगाच्या केल्यात.
आत तळघरात माझी पोलादी चकती फिरतेय.
तिच्यावर टेकवलेली खुंटी, करंगळीच्या पेराएवढी,
आणि खुंटीवर पाच किलोचं वजन.
यंत्र एवढंच. बाकी सगळं वाट पाहणं.

खुंटीत दोन प्लास्टिकं आहेत.
नायलॉन : कणखर, पण दमट हवेत पाणी पिऊन फुगणारं.
पॉलिएथिलीन : मेणचट, निसरडं, कुणाला धरून न राहणारं.
वितळवून कितीही घोटा,
थंड होताना ती आपापल्या पंगतीत जाऊन बसतात.
सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात गोळे,
प्रत्येक गोळ्याभोवती केसाएवढी फट.
घासलं की गोळा सुटून येतो
आणि मागे खळगा,
दाणा काढलेल्या मटारच्या शेंगेतला.

म्हणून शंभरात तीन भाग तिसरंच काही घालायचं,
ज्याचं एक टोक याला धरतं, दुसरं त्याला.
त्याचं नाव ओळभर लांब आहे.
माझ्या वहीत : ‘मामा, ३ टक्के’.
डोरीनला वाटतं, मी आईबद्दल लिहिते.

तरी तीन आठवडे आकडा हलेना.
दर तासाला यंत्र थांबवायचं, खुंटी तोलायची,
चकतीवर उमटलेला दुधी मळकट पट्टा
ॲसिटोनच्या बोळ्याने लख्ख पुसायचा,
पुन्हा सुरू.
घासलेलं भांडं उजेडात धरून बघायचं वळण,
ते काही विमानात बसताना काढून ठेवता येत नाही.
बारा मिलिग्रॅम. तेरा. पुन्हा बारा.
मामा असो, नसो.

डोरीन पस्टर्नाक इथे एकतीस वर्षं आहे,
दोन्ही गुडघे बदललेली.
सँडविच हातात घेऊन मागे येऊन उभी राहिली.
“काय पुसतेस?”
“घाण.”
“घाण? अगं, तो तुझा माल आहे.”

सुरुवातीला थोडं द्यावंच लागतं, म्हणाली.
ते पोलादाच्या ओरखड्यांत जाऊन बसतं,
त्याचं पातळ कातडं धरतं.
मग प्लास्टिक पोलादावर घासत नाही,
आपल्याच कातड्यावरून सरकतं.
(ती कातडं म्हणाली. मला साय दिसली.)
मी तीन आठवडे दर तासाला साय काढत होते
आणि दुधाला विचारत होते, आटलास का.

मावशी गेली तेव्हा गावच्या पेपरात
काळ्या चौकटीत छापलं होतं :
चंदनासारख्या झिजल्या.
कशावर, ते नव्हतं.
किती वजनाखाली, किती अंतर,
आधी कुणी तोलून ठेवलं होतं का.
आमच्याकडे झिजणं हा गुण,
आणि सहाण रोज धुऊन पालथी घालायची,
म्हणजे खोड उद्या
पुन्हा कोऱ्या दगडावर.

आज न पुसता चालवलं.
पहिल्या तासाला आठ. मग तीन.
मग एक, मग तराजू नुसता लुकलुकत राहिला,
त्याला सांगण्यासारखं काही सापडेना.
मामा नसलेली खुंटी चारावर अडकली :
तिची साय धरते, पण पापुद्रे सुटतात.
हे वहीत लिहिलं, तारखेसकट,
आणि मागच्या तीन आठवड्यांवर एक तिरपी रेघ.

डोरीन लिफ्टची वाट बघत उभी आहे.
तिच्या गुडघ्यांतही पॉलिएथिलीन आहे,
अकरा वर्षं चाललंय, म्हणते,
फक्त जिना उतरताना आवाज करतं.
हा आवाज कसला, मी विचारलं.
“बर्फ पडणार असल्याचा,” ती म्हणाली, आणि दार बंद झालं.

ॲसिटोनची बाटली मी कपाटात ठेवली, कुलूप लावलं.
चकती फिरतेय, तिच्यावर तो मळकट पट्टा.
दर तासाला हात अजून
बोळा शोधत टेबलाच्या कडेपर्यंत जातो.